गुळावरचे दात

आमच्या घरात भूत नाही, हे आमचं घराणं तीन पिढ्या लोकांना ठासून सांगत आलंय. गेल्या मे महिन्यात ते भूत शेंगदाण्याचे लाडू खायला लागलं!

मी शेळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. राहायला बारामतीत. नवरा प्रशांत एमआयडीसीत कामाला, आणि घरी सासरे, आबा. आबांनी उभ्या हयातीत घरात गंडादोरा येऊ दिला नाही. अमावास्येला मुद्दाम नवी चप्पल घेणारा माणूस!

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी उठले आणि हातांची प्लास्टिकची खुर्ची माझ्यासोबत उठली, त्या दिवशी मी डाएट धरलं. दुधीचा रस, काकडी, अर्धी भाकरी. चार महिन्यांत चौदा किलो उतरले! गाऊन इतके ढगळ झाले की घरात मी वारलेल्या सासूबाईंच्या सुती साड्या नेसायला लागले. (सासूबाई काडीसारख्या होत्या. त्यांचं पोलकं मला बसलं, त्या दिवशी मी आरशापुढून हलले नाही.)

मग सुट्टी लागली. मेमधली दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी जेवून (म्हणजे काकडी चावून) आडवी व्हायचे. एकदा उठून बघते तर डब्याचं झाकण बाजूला आणि दोन लाडू गायब. दुसऱ्या दिवशी तीन. दारं आतून बंद! फरशीवर शेंगदाण्याच्या कुटाची बारीक रांग, स्वयंपाकघरातून निघालेली आणि मध्येच संपलेली. जणू चालणारं कुणी तिथंच हवेत विरलं.

"आबा, तुमची शुगर!"

"मी न्हाय खाल्लं, पोरी." पण नजर चोरली.

"मग कोणी? दुपारी घरात आपण दोघंच असतो!"

आबा स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बसले. मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं.

त्यात माझं वजन दोन किलोंनी चढलं. काकडीवर! मी काटा दुरुस्तीला टाकला.

मग गुळाची ढेप. तिच्यावर दात उमटले होते. वरचे चार, खालचे चार, स्वच्छ. मी सगळं गोडधोड कपाटात कोंडलं, किल्ली कमरेला खोचली आणि झोपले. उठले तेव्हा किल्ली कमरेला, कपाट बंद, आणि आतला डबा रिकामा!

"दुसरी किल्ली आबांकडं आहे," मी प्रशांतला म्हणाले. "मला नाही झेपत आता. सुट्टीभर त्यांना इंदापूरला तुझ्या ताईंकडं ठेवू."

आबांनी ऐकलं. ते पिशवीत धोतरं भरायला लागले.

"वैशू," प्रशांत म्हणाला, "आबांच्या तोंडात दात कुठायत? कवळी ते फक्त लग्नाला लावतात."

(विज्ञान शिक्षिकेला हे सुचलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना प्रशांतनं जुना मोबाइल फ्रिजवर लपवून कॅमेरा चालू ठेवला. संध्याकाळी आम्ही तिघं बघायला बसलो. आधी नुसतं रिकामं स्वयंपाकघर. मग बांगड्या वाजल्या. सासूबाईंची साडी नेसलेली एक बाई पाठमोरी आली. संथ. कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, ढेप दोन्ही हातांत धरली आणि कडकन चावली.

"आली," आबा हळूच म्हणाले.

बाई वळली. डोळे सताड उघडे, पापणी लवत नव्हती. तोंडाला गूळ. आणि ते तोंड माझं होतं!

आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "तू हुतीस व्हय?"

"आबा, तुम्ही आधी बघितलं होतं?"

"बाहेरच्या सोप्यातनं पाठ दिसायची, आन् तू तर झोपल्याली. साडी तीच, चाल तीच. ती जलमभर समद्यांच्या मागनं जेवली, उरलं तर. म्हणलं, आता खाऊ दे पोटभर. लाडवाचं झाकण मीच ढिलं करून ठेवायचो."

"मग मी बोलत होते तेव्हा सांगितलं का नाही?"

"आपल्या घरात भूत हाय, आसं कुनाला सांगू?"

त्यांच्या पिशवीतली धोतरं काढून मी एकेक परत फळीवर ठेवली. बायकोसाठी त्या माणसानं दोन आठवडे माझे टोमणे गिळले होते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "चरबी उतरली की पोट भरल्याचं मेंदूला कळवणारं लेप्टिन कमी होतं आणि भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. हे महिनोन्‌महिने चालतं. जागेपणी तुम्ही भुकेला दटावता, झोपेत कोण दटावणार? झोपेची तपासणी करून घेऊ, पण आधी नीट जेवा. काय शिकवता तुम्ही?"

"मराठी," मी म्हणाले.

आता मी पोटभर जेवते आणि दुपारी गाढ झोपते. समोर बसून आबाच वाढतात. "तो व्हिडिओ उडव, अंगावर काटा येतो," असं प्रशांत रोज सांगतो. मी उडवलेला नाही. भयानक आहे, मान्य. पण पाठमोरी मी त्यात काय बारीक दिसते!