नळी लवकर का काढली?

माझं सिझर कोपरगावच्या एका छोट्या दवाखान्यात सकाळी झालं. दुपारी चारच्या सुमारास सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, लघवीची नळी काढते." मी सावध झाले. माझ्या जावेची नळी दुसऱ्या दिवशी काढली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं सिझर माझ्या आधीचं, तरी तिची नळी तशीच होती.

सासूबाई मिरजगावच्या. त्या सरळ सिस्टरांना आडव्या आल्या. "पिशवी रिकामी करायचा कंटाळा आला आसंल. डाक्टरीनबाईला बोलवा."

डॉक्टर आल्या. "भूल उतरून तुमच्या पायांत ताकद आली आहे, जास्त रक्तस्राव नाही. नळी उगाच ठेवली तर जंतुसंसर्ग होतो."

"मग यांची का ठेवलीय?" मी विचारलं.

"ते मी त्यांनाच सांगेन," त्या शांतपणे म्हणाल्या. माझा संशय आणखीच वाढला.

नळी निघाली. दोन तासांनी सासूबाईंचा हात धरून, टाके सांभाळत मी संडासात गेले; लघवी धरायला सिस्टरांनी भांडं दिलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, झालंच, बिघडवलं यांनी. सासूबाईंनी नळ सोडला, पाण्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे लघवी झाली. थोडी आग झाली, पण पोट हलकं झालं.

सिस्टरांनी भांड्यातलं माप बघून कागदावर लिहिलं.

"मोजत्यात म्हंजी कायतरी चुकलंय," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या.

मलाही तेच वाटत होतं. मी तो कागद मागून घेतला. त्यावर आकडा होता आणि पुढे 'लघवी व्यवस्थित' एवढंच. ते मी दोनदा वाचलं, मगच खाटेवर टेकले.