साडेअठ्ठावीस फुटांची कंबर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीत मी प्रोग्रॅमर म्हणून लागले. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्याला आलो होतो. घरात मराठी, बाहेर माझं मोडकंतोडकं बंगाली. कचेरीत नवाच कॉम्प्युटर आला होता. एक अख्खी खोली त्याची, आणि सगळ्या इमारतीत एसी फक्त त्याला. उन्हाळ्यात आमच्याकडे काम निघणाऱ्या लोकांचा तोटा नसे.

आमचे साहेब बंगाली, विद्वान, मनाने प्रेमळ. पण आपला प्रोग्रॅम चुकू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं. ड्रायव्हर-शिपायांच्या गणवेशांची मापं छापणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. छापलेली यादी शिलाईचं कंत्राट घेतलेल्या मास्टरजींकडे गेली आणि थोड्याच दिवसांत मास्टरजीच हजर झाले. गार्डन रीचकडचे, पांढरी दाढी, गळ्यात टेप. त्यांनी खिशातून एक खाकी पॅन्ट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. तळहातावर मावेल एवढी. खिसे, काजं, बटणं, सगळं जिथल्या तिथे.

"नमुना आणलाय," ते हिंदीत म्हणाले. "कंबर तीन पॉइंट दोन इंच. बाहुल्यांचे कपडे पुष्कळ शिवलेत साहेब, पण खाकीतल्या बाहुल्या पहिल्यांदाच."

मी तोंडाला रुमाल लावला. साहेबांनी यादी पाहिली. जवळजवळ सगळ्यांच्या कंबरा तीन पॉइंट काहीतरी.

"हे फूट आहेत," ते शांतपणे म्हणाले. "तीन पॉइंट दोन फूट म्हणजे अडतीस इंच झाले."

मास्टरजींना ते पटलंही. मग त्यांचं बोट यादीत खाली एका ओळीवर थांबलं. "आणि हे ड्रायव्हरसाहेब? साडेअठ्ठावीस फूट. यांचं दर्शन होईल का?"

ड्रायव्हरला बोलावलं. बाजूने उभा राहिला तर दिसायचा नाही असा माणूस. मास्टरजींनी टेप लावली. "साडेअठ्ठावीस. इंच."

"म्हणजे याचं कार्ड चुकलंय," साहेब म्हणाले.

"सर," मी भीतभीत म्हटलं, "यादीत याचंच माप बरोबर आलंय."

कार्डांवर भोकं पाडून माहिती उतरवणाऱ्या पंचिंग विभागाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या दीदी म्हणत असू, त्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. कंबरेसाठी कार्डावर तीन रकाने होते, टिंबासाठी जागाच नव्हती. ड्रायव्हरचं माप २८५ असं पंच केलेलं. प्रोग्रॅम शेवटचा आकडा दशांश समजून २८.५ छापत होता. पण ज्यांची कंबर पुरती बत्तीस, त्यांच्या कार्डावर ०३२ होतं; त्याचंही प्रोग्रॅमने ३.२ करून टाकलं.

"बत्तीसला बत्तीस नाही लिहायचं तर काय लिहायचं?" मोठ्या दीदी कडाडल्या. "शेवटी शून्य हवं होतं हे आम्हाला कुणी सांगितलं?"

सांगणार कोण? साहेबांनी प्रोग्रॅम तपासला होता तो एकाच कार्डावर, स्वतःच्या. त्यांची कंबर होती साडेचाळीस.

साहेबांनी चहा मागवला, बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला: प्रोग्रॅम निर्दोष आहे, घोटाळा अर्ध्या इंचांनी केला. यापुढे कचेरीत कुणाचंही माप अर्ध्या इंचात घ्यायचं नाही. मी मुकाट्याने प्रोग्रॅममधला दशांश काढून टाकला आणि दीदींनी अर्धेवाल्यांची कार्डं पुढच्या पुऱ्या आकड्यावर नेली.

गणवेश आले. दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर पॅन्ट मुठीत धरून आमच्या दारात उभा.

"दीदी, माझा अर्धा इंच कमी करा."

"अर्ध्या इंचाने काय होतंय?" मोठ्या दीदींनी विचारलं.

"ज्याला मुळात कंबरच नाही त्याला विचारा!"

दीदींनी पर्समधून सुईदोरा काढला, त्याला स्टुलावर चढवलं आणि हूक सरकवून दिला. साहेब तेवढ्यात तिथून गेले. त्यांनी कॉम्प्युटरसाठी भिंतीवर लावलेल्या थर्मामीटरकडे फार बारकाईने पाहिलं.