चंद्रीला कुणीतरी घाबरलं पाहिजे

"ह्या बाईला म्हशीनं मारलंय," अशी पिराजी पावण्यांना बायकोची ओळख करून द्यायचा. पावणं दचकलं, चहाचा कप हातात तसाच राहिला, की मग सावकाश पुढचं सांगायचा, "सिनेमात."

गडमुडशिंगीच्या झुंबरबाईची सगळी हकिगत या दोन वाक्यांत मावते असं त्याला वाटायचं. झुंबरबाईचं म्हणणं, तिसरं वाक्य राहिलंय. ते ती स्वतःच जोडायची, "आनि त्यो सिनेमा ह्यांनी पाडला."

सिनेमाचं नाव 'दावं तुटलं'. झुंबरबाई लग्न होऊन गावात आली, त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं शूटिंग गावच्या माळावर झालं. गोष्ट अशी. एका गवळ्याच्या म्हशीचं रेडकू मरतं. म्हैस आटू नये म्हणून तो मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतो आणि ते पेंढ्याचं रेडकू तिच्यापुढं ठेवून धार काढतो. म्हैस त्याला चाटत राहते, दूध देत राहते. आणि एके दिवशी तिला कळतं. त्यानंतर गावातली एकेक म्हैस रवंथ थांबवून माणसांकडं बघायला लागते.

सिनेमातल्या म्हशी गावच्याच होत्या. त्यांची म्होरकी, काळीभोर, मागं वळलेल्या शिंगांची, म्हणजे झुंबरबाईची चंद्री. कुरुंदवाडहून, माहेराहून, बापानं लेकीबरोबर धाडलेली. गवळ्याच्या सुनेचं काम करायला शहरातून एक नटी आली होती. चंद्रीच्या पायाशी पडून तिला मरायचं होतं. चंद्रीनं नुसतं फुर्र केलं आणि नटी जीपमध्ये जाऊन बसली, ती उतरेचना.

दिग्दर्शक धैर्यशील, बारीक अंगाचा, दाढीवाला तरुण, कपाळाला हात लावून बसला. "आता हिच्या पोटाखाली कोण झोपणार?"

"म्या बसती की रोज तितं," गर्दीतनं झुंबरबाई म्हणाली. "बसायच्या जागी झोपीन."

सासऱ्यांनी एकाच अटीवर परवानगी दिली. "मरताना पदर ढळू देऊ नगंस."

ती पदर दाबून धरून मेली. चंद्री तिच्यावर उभी राहिली, श्वास टाकत. शिंग मारायचं तिच्या मनातही आलं नाही. खाली आपलंच माणूस पडलंय, उठत का नाही, एवढंच बघून तिनं झुंबरबाईचं तोंड चाटायला सुरुवात केली. खरखरीत जिभेनं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. धैर्यशीलनं कॅमेरा थांबवला नाही. कॅमेऱ्यामागं उभ्या पिराजीला खुणेनंच सांगितलं, हाक मार. पिराजीनं हळू आवाजात हाळी दिली, "ये गं चंद्रे… ये गं माजी बाय." चंद्रीनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

म्हशी अंगावर धावून येतात ते शॉटही असेच घेतले होते. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची शिंगं रंगवून त्यांना मिरवतात, मालक मोटारसायकलवरून हाळी देत पुढं सुटतो आणि म्हशी त्याच्यामागं उधळतात, तशाच. पिराजी कॅमेऱ्यामागून गाडी पळवायचा आणि पडद्यावरचा तो सगळा काळा कल्लोळ त्याच्या मायेपोटी धावत यायचा.

इथपर्यंत सगळं नामी होतं. मग सिनेमा लागला.

पहिल्या खेळाला कोल्हापूरचे निम्मे म्हैसवाले हजर. अंधार. पडदा काळा. नुसती गळ्यातल्या घंटेची टण्… टण्… पब्लिकनं श्वास धरला. आणि त्या काळोखातून चंद्रीचं तोंड पुढं आलं, तसा पिराजी खुर्चीवर उभा राहिला.

"ही आमची चंद्री!"

झालं. मागून कोणी ओरडलं, "आनि ती शेजारची सयाजीची मोरनी!" "आरं, आमची गंगी कुटं हाय?" ज्याची म्हैस पडद्यावर येईल तो शिट्टी मारी. पाडव्याला दरवर्षी बघितलेल्या म्हशी, नावानिशी ओळखीच्या; त्यांना कोण घाबरणार? मोरनीनं सावकाराला तुडवलं तर लोकांनी गुलाल उधळला. आणि झुंबरबाई मरून पडली, चंद्री तिला चाटायला लागली, तेव्हा अख्खं टॉकीज पोट धरून हसलं. आठवड्याभरात पोस्टर उतरलं. धैर्यशील जो गेला तो परत कधी कोल्हापुरात दिसला नाही.

सिनेमाचं नाव मग फक्त झुंबरबाईच्या तोंडी उरलं. सकाळी दूध घालायला डेअरीत रांग लागली की कुणीतरी काडी टाकायचं, "झुंबरमावशी, कशा मेलासा वं?" आणि ती कॅन खाली ठेवून खरंच सांगायला लागायची.

"हासताय व्हय? त्यो सिनेमा कुनी बगितलाच न्हाय. किती येळ म्हस दिसतच न्हाय त्यात, निसती घंटा वाजती. आपन येड्यावानी अंधारात हुडकत बसतो. आनि ती निसती मारून जाती का? शिंग मारलं असतं तर बरं वाटलं असतं, गं! ती मारून परत चाटती. तिला वाटतं, हीबी पेंढ्याचीच हाय काय बगू. त्येला म्हनत्यात भ्या."

"मावशी, दुधाचं फॅट लावा आदी, मागं रांग हाय," डेअरीवाला म्हणायचा.

यंदा श्रावणाच्या आधी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून निशिगंधा नावाची मुलगी स्कूटीवरून आली. नाटकात काम करायची, मित्रमैत्रिणींना जमवून जुने सिनेमे दाखवायची. मुंबईत कुणाच्या तरी कपाटात 'दावं तुटलं'ची एक प्रत निघाली होती, म्हणाली. "आजी, मी तीन वेळा बघितला. रात्री गॅलरीत जायची हिंमत झाली नाही. रविवारी दुपारी खेळ ठेवलाय. तुम्ही याल?"

झुंबरबाईनं तिला तीनदा विचारलं, "भ्या वाटलं? खरंच वाटलं?" आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

या पोरांना चंद्री माहीत नव्हती. मोरनी, गंगी कुणीच माहीत नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो सिनेमा अनोळखी माणसं बघणार होती. एकदा, फक्त एकदा, त्या शॉटला कुणी हसू नये, एवढंच तिला पाहिजे होतं. आणि त्यात अडचण एकच होती. ती अंगणात बसून दाढी करत होती.

"तुमी येऊ नगासा," ती म्हणाली.

"का? चंद्रीला बगायचा हक्क मला न्हाय?"

"तुमी वरडनार."

"न्हाय वरडत."

"माज्या गळ्याची आन घ्या."

"तुला म्हशीनं कवाच मारलंय, तुजी आन कसली घ्यायची?"

शेवटी शेजारच्या पद्माक्काला मधे बसवायचं ठरलं. पद्मावती झुंबरबाईची जुनी मैत्रीण, जैन. तिची स्वतःची अट होती. "दिवस मावळायच्या आत घरी जेवायला सोडणार असशील तर येते. आणि त्यात लई मारामारी न्हाय न्हवं? आमच्यात चालत न्हाय बघ."

"मारामारी न्हाय, पद्माक्का. निसतं बगत्यात."

"मग ठीक."

राजारामपुरीतल्या एका शिकवणीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. जाड पडदे लावून भरदुपारी अंधार केलेला. साठेक पोरं, कुणी जमिनीवर. पिराजीनं तोंडात सुपारी भरली आणि वर हाताची घडी घातली. तिघं एका कडेला भिंतीशी बसली, मधे पद्माक्का, बंदोबस्ताला.

टण्… टण्…

एक पोरगी खुदकन हसली. मग घंटा थांबली, आणि ते हसूही थांबलं. पेंढ्याचं रेडकू पडद्यावर आलं. म्हैस त्याला चाटत होती आणि चाटता चाटता कातड्याच्या शिवणीतून एक काडी बाहेर आली. पुढच्या रांगेत कुणीतरी पाय वर घेतले. पद्माक्कानं झुंबरबाईचा हात धरला. पुढं चंद्रीचं तोंड काळोखातून आलं, तेव्हा झुंबरबाईनं घाईनं पिराजीकडं बघितलं. त्याचे गाल फुगले होते, पण तो गप होता.

मग तो शॉट आला. पडद्यावर कोवळी झुंबर, डोळे मिटलेली, पदर घट्ट धरलेली. तिच्यावर चंद्री. नुसता श्वास. हॉलमध्ये पंख्याचा आवाजही ऐकू यायला लागला. चंद्रीनं जीभ काढली, चाटायला लागली.

कुणी हसलं नाही.

झुंबरबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती अंधारातल्या तोंडांकडं बघत होती. उघडी तोंडं. तोंडावर हात. एक पोरगा बोटांच्या फटीतून बघत होता. आणि नेमक्या त्या शांततेत पद्माक्काच्या पलीकडून, सुपारीतून, घोगरा, कापरा आवाज आला:

"ये गं चंद्रे… ये गं माजी बाय."

मेलं सगळं, झुंबरबाईला वाटलं, ह्यो माणूस सुधारनार न्हाय.

आणि पडद्यावर चंद्रीनं मान वर केली. कान टवकारले. आवाज आला तिकडं, थेट हॉलमध्ये, बघितलं.

जी किंकाळी उठली म्हणता! निशिगंधाची सगळ्यात मोठी. एक जण खुर्चीसकट मागं पडला. पद्माक्का "णमो अरिहंताणं" म्हणत झुंबरबाईच्या कुशीत शिरली. खालच्या मजल्यावरून क्लासचे सर धावत वर आले, "काय झालं? काय झालं?"

दिवे लागले तेव्हा पोरं हसत होती, एकमेकांना थापटत होती, आणि सारखी त्या कडेच्या भिंतीकडं वळून बघत होती. पिराजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

"मी न्हाय वरडलो," तो बायकोला म्हणाला. "हाक गेली आपूआप. तिचं तोंड बगितलं आनि…"

"काका," निशिगंधा धापा टाकत आली, "पुढच्या महिन्यात सांगलीला खेळ आहे. याल? अशीच हाक मारायला?"

"मानधन म्हनून चा-भजी लागंल," पिराजी म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. बसमध्ये पद्माक्काच बोलत होती, अख्ख्या बसला सिनेमा सांगत होती, आणि झुंबरबाई खिडकीशी बसून मधूनमधून एकटीच हसत होती.

घरी आले तेव्हा ऊन कलतं होतं. धारेची वेळ. झुंबरबाई लुगडं बदलून आली तर पिराजी गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभा. आत शेवंती, नव्यानं घेतलेली म्हैस, रवंथ थांबवून त्याच्याकडं बघत होती.

"काय वं? जावा की आत."

"तूच काड आज धार."

"का?"

"न्हाय… ती बगाया लागलीया."

झुंबरबाईनं आधी शेवंतीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मग इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

"पद्माक्का!" तिनं कुंपणापलीकडं हाक दिली. "जेवन ऱ्हाऊ दे, आदी हितं ये! आमचं मालक बग म्हशीला भ्यालं!"