काकीचा शोणभद्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इंदूला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला तर शाळेत कुणी कुणाची पाटी फोडली तेसुद्धा मी जेवताना सांगत आलो. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ती म्हणते. एवढा एक भिजला. साठीपार झालो तरी भिजतोच आहे.

खून-बिन केला नाही हो. सुरुवात एका छंदापासून झाली, आणि छंद तसा निरुपद्रवी. पण तिथूनच सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही की शहाणासुरता माणूस असं कसं करतो. — मला तरी कुठे कळलंय म्हणा!

मी आरोंद्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि खाडीपलीकडे अजून फिरंग्याचं राज्य होतं. गलबतावर तांडेल असलेल्या एका ओळखीच्याने मला खंबायतेहून अकीकाचे दोन दगड आणून दिले. एक बटाट्यासारखा, मळकट. दुसरा घासून चकचकीत केलेला, आत पांढऱ्या-तपकिरी रेघांची वळणंच वळणं. "हो नि हो एकच, मास्तरानू," दोन्हींवर बोट ठेवत तो म्हणाला. एकच? त्या मळकट बटाट्याच्या पोटात ह्या रेघा? कधी पडल्या, कुणी आखल्या, आणि आखल्या त्या कुणी बघण्यासाठी? झालं. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

धार लावणाऱ्याकडून एक जुनं कुरुंदाचं चाक घेतलं आणि मोडीत निघालेल्या शिवणयंत्राच्या सांगाड्यावर बसवलं. दगडाचा तुकडा लाखेने काठीच्या टोकाला चिकटवायचा, पायाने चाक फिरवायचं, वर थेंब थेंब पाणी सोडायचं, आणि दगडाला हळूहळू घुमटासारखी गोलाई आणायची. मग बारीक भुकटी, मग लाकूड, शेवटी सोनार वापरतात ती तांबडी पूड लावलेलं चामडं. एका खड्याला आठ-आठ दिवस. रेडीकडच्या डोंगरात लाल दगड मिळायचा — अकिकाचाच भाऊ, पण उजेड आरपार जाऊ न देणारा. पुस्तकात त्याला जास्पर म्हणतात. शनिवारी शाळा सुटली की मी पिशवी घेऊन चालू लागायचो. इंदू म्हणायची, "लोकांचे घोव बाजारातसून मासे हाडतत, आमचो धोंडे हाडता."

खरं सांगू? मला चकचकीत खड्याची हौस नव्हतीच. मला हौस होती ती पहिल्या घासणीची. वरची कातडी गेली आणि आतलं दिसलं, की माझं पोट भरायचं. आत काय असेल? एवढा एकच प्रश्न. त्या खड्यांच्या मी अंगठ्या केल्या नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. बघून झालं की बिस्किटांच्या डब्यात टाकायचे.

आता जानकीकाकी. ही आमची शेजारीण. मुलगा अनंता लहान असतानाच तिचा नवरा गेला, तेव्हापासून घर, काजूची बाग, दोन म्हशी, सगळं एकटीने ओढलेलं. घरच्या देवांची पूजासुद्धा तीच करायची. बाईमाणसाने शाळिग्रामाला हात लावू नये, असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "मगे तुमी येवा रोज करूक. पाणी मी काडून ठेवतंय." कोण येतोय!

तिच्या देव्हाऱ्यात पंचायतन होतं. म्हणजे पाच देव, पण नाकाडोळ्यांच्या मूर्ती नाहीत. त्यात गणपती म्हणून पुजतात तो शोणभद्र, उत्तरेतल्या शोण नदीतला तांबडा दगड. काकीच्या आजेसासऱ्याने काशीहून येताना आणलेला. आवळ्याएवढा होता.

अनंता मुंबईला नोकरीला. त्याच्या बायकोचं तिसरं बाळंतपण आलं आणि काकीला सहा महिन्यांसाठी तिकडे जावं लागलं. घरचे देव काही गाठोड्यात बांधून चाळीत नेत नाहीत, आणि देव पारोसेही ठेवायचे नसतात. मग ते शेजाऱ्याकडे देतात, रीतच आहे ती. ताम्हण माझ्या हातात देताना काकी म्हणाली, "तुमच्याकडे दिलंय, आता माझ्या जीवाक घोर नाय."

रोज सकाळी आंघोळ करून मी त्या दगडाला आंघोळ घालू लागलो. आणि — मास्तराची जात, त्यात दगडाचा नाद! — दुसऱ्याच आठवड्यात मला दिसलं. दगड ओला असताना खिडकीतून ऊन आलं की त्याच्या तळाशी एका जागी तिळाएवढा उजेड आत शिरायचा. लाल दगडात उजेड शिरत नाही. म्हणजे आत दुसरंच काहीतरी आहे! अकीक? स्फटिक? की पोकळी? मंत्र तोंडाने चालू आणि डोळा त्या तिळावर. दोन महिने मी गणपतीची पूजा केली असं म्हणायचं. खरं तर दोन महिने मी त्याच्या पोटात डोकावत होतो.

मग इंदू माहेरी इन्सुलीला गेली आणि मला विचारणारं घरात कुणी उरलं नाही. खालून थोडंसं घासू, मी म्हटलं. तळच तर आहे, कुणाला दिसतोय! नखभर खिडकी पाडू, आत बघू, पुन्हा गुळगुळीत करून ठेवू. देवाला काय कळतंय? — असं मी खरंच म्हटलं का? म्हटलं.

काठीला लाख, लाखेवर गणपती. चाक फिरू लागलं. थोड्याच वेळात तो तीळ वालाएवढा झाला, आणि आत काहीतरी निळसर. मी वाकलो. बघण्याच्या भरात पाणी सोडायचं राहिलं. दगड तापला, टक् करून एवढासा आवाज झाला, आणि त्याची दोन शकलं झाली.

तुम्हाला वाटेल माझे हातपाय गळाले. गळाले, पण नंतर. आधी माझ्या तोंडून "अहाहा!" निघालं. तांबड्या सालीच्या आत निळसर-पांढऱ्या रेघा, वेढ्यात वेढा, आणि अगदी मधोमध साखरेच्या दाण्यांसारख्या स्फटिकांची इवलीशी गुहा. इतका सुंदर दगड त्याआधी माझ्या हातात आला नव्हता, नंतरही नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तो बघत बसलो होतो. पूजा त्या दिवशी राहिली.

पुढचं सोपं होतं. लाल दगडांचा ढीग घरातच होता. तसाच रंग शोधला, तसाच आवळ्याएवढा घासला, चकाकी मुद्दाम कमी ठेवली. आठ दिवसांनी ताम्हणात पाच देव पुन्हा पुरे झाले. आणि ती शकलं? एक खाडीत सोडलं. दुसरं — दुसरं मी घासलं. पुरतं घासलं. त्या रेघा झिलईनंतर कशा दिसतात ते मला बघायचं होतं. मग तेही डब्यात गेलं.

हा झाला माझा गुन्हा, असं वाटलं ना? मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. देव फोडला, खोटा देव मांडला — ह्याचं प्रायश्चित्त एखाद्या पोथीत सापडलंही असतं. पण मला सांगायचंय ते हे नाही. सांगतो. लांबण लावतोय खरा.

चतुर्थीच्या आधी काकी परतली, अनंता सोबत होता. देव मी स्वतः नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर आली. ओल्या तळहातावर दगड. मागून अनंता, दात घासता घासताच आलेला.

"मास्तरानू, हो माझो गणपती न्हय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. "असा कसा म्हणतास, काकी?" मी कसंबसं विचारलं.

"ह्येच्यार माझो आंगठो बसणा नाय," ती म्हणाली. "पंचवीस वर्सां ह्या हातान न्हाणयलंय त्येका. एका अंगाक आंगठ्याएवढो खळगो होतो. खंय गेलो तो?"

खळगा! दोन महिने रोज तो दगड हातात घेत होतो, आणि माझ्या बोटांना तो खळगा कधी लागलाच नव्हता. मी आत बघत होतो ना.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं: काकी, माझ्या हातून फुटला. ती ओरडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, रडली असती. आणि मग? मग काहीच नाही, मला वाटतं. पण अनंता बघत होता. मास्तराने देव फोडला, हे तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं असतं. मग मी काय केलं? मी मालवणी सोडली. शाळेत तपासणीला साहेब आले की बोलतो, तशी शुद्ध मराठी काढली. "काकी, हा तोच दगड आहे. पाण्याने दगड झिजतो, असं शास्त्र आहे. आणि वयोमानाने माणसाच्या बोटांची जाणीव कमी होते. तुम्हाला भास होतो आहे."

भास. हा शब्द मी वापरला. त्या भाषेत काकीला भांडता येत नसे, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. तिने अनंताकडे बघितलं. तो म्हणाला, "आये, मास्तर खोटा कित्याक सांगतीत?" मग तिने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. उलटा-सुलटा करून, बराच वेळ बघितलं.

हा माझा गुन्हा.

पुढचं मी ओट्यावर बसून पाहिलं. अनंताच्या मनाने घेतलं की आईचं डोकं आता ठिकाणावर नाही. आमटीत मीठ जास्त झालं — झालं, म्हातारीला कळत नाही. म्हैस वेळेवर दूध देईना — हिने चारा घातला नसेल. चतुर्थी आटोपल्यावर त्याने म्हशी देऊन टाकल्या, बाग दुसऱ्याच्या हवाली केली आणि तिला कायमची मुंबईला न्यायची ठरवली. देव पुन्हा माझ्याकडे आले. ती भांडली का? नाही. अख्ख्या गावाला "येवा करूक" म्हणणारी बाई एक शब्द बोलली नाही. दाराला कुलूप तिनेच घातलं, आणि अनंताला म्हणाली, "लागला मा रे नीट? माका काय कळणा नाय."

ती गेल्यावर मी तो बिस्किटांचा डबा खाडीत उलटा केला. पश्चात्ताप म्हणू नका त्याला, भीती होती ती. चाकही पुन्हा फिरवलं नाही. इंदूला वाटलं, नाद सुटला एकदाचा. आणि रोज सकाळी मी माझ्याच हाताने घासलेल्या दगडाला गंध लावत राहिलो.

गोवा मोकळा झाल्यावर दोन-तीन वर्षांनी अनंता घराचं छप्पर बघायला आला, तेव्हा काकीला घेऊन आला. वाळून गेली होती. इंदूने चहा दिला. अर्धा कप पिऊन झाल्यावर ती इंदूला विचारते, "गोड आसा मा गो?" इंदू माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं.

इंदू कप घेऊन आत गेली. अनंता छपरावर होता. ओट्यावर आम्ही दोघंच, ऐकायला कुणीही नाही. काकी जवळ सरकली.

"मास्तरानू, त्या वक्ताक मी तुमच्यार आळ घेतलंय. माझा टकला फिरलेला. तुमी माझे देव इतकी वर्सां सांभाळलात, नि मी... माझा चुकला. मनात धरू नकात."

तेव्हा तरी सांगायचं! सांगितलं असतं तर चहा गोड आहे की नाही हे त्या बाईने पुन्हा कुणाला विचारलं नसतं. हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलेलं नाही.

तिने माझ्यापुढे हात जोडले. आणि मी — मी म्हटलं, "जांव दे, काकी. मी तेव्हाच माफ केलंय तुमका."