डोळ्याला टॉवेल

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठतात. बाटल्या भंगारवाला तरी नेतो. किश्शाला ऐकणारा लागतो, आणि आमच्यातलं ते गिऱ्हाईक कमी कमी होत गेलं.

आम्ही तिघं. बापू मास्तर, गुळाचे व्यापारी शिवाप्पा आणि सायकल दुकानवाला मी, सातवी नापास. दोन हजार सालाच्या आसपास बापूंच्या पोरानं परदेशातनं व्हिस्की आणली. तिकडं जळणाला वापरतात त्या मातीच्या धुरावर सुकवलेल्या धान्याची, वर वाईनच्या पिंपात मुरवलेली.

बापू म्हणाले, "ही डोळं बांधून प्यायची अस्ती. लेबल बघून जीभ खोटं बोलती."

दुकानातला टॉवेल शिवाप्पांच्या डोळ्यावर बांधला. त्यांनी घोट तोंडात घोळवला. मग म्हणाले, "ह्ये आमचं गुऱ्हाळ हाय की. आदी चुलवाणाचा धूर, आन् मागनं मनुका."

तेव्हापासून दर शनिवारी परीक्षा. ओतणारा कायम मी. मास्तर म्हणायचे, "ह्याला बांधून उपेग न्हाय. ह्यो टॉवेलातनं बी बघंल."

*

एकदा मी साध्या रममध्ये मनुका भिजवल्या आणि ग्लासाला उसाच्या चिपाडाचा धूर दिला. डोळे बांधलेल्या बापूंनी परदेशी पिंपांवर अख्खा तास घेतला. मग मी टॉवेल सोडून बाटली दाखवली.

"नापास," म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मास्तरला नापास केलं.

*

शिवाप्पा गेले. त्यानंतरच्या शनिवारी मी सवयीनं तीन ग्लास भरले.

"तिसरा कुणाचा रं?" बापूंनी विचारलं.

"ओळखा की."

त्या दिवशी कुणी डोळे बांधले नाहीत.

*

मग पोरानं बापूंना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दुपारी गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. पोरगा गाडीतच बसला, बापू पिशवी घेऊन आत आले.

"आज तू बांध. वळखलीस की मी निघतो."

मी टॉवेल बांधला. पहिल्याच घोटाला धूर आला, मागनं मनुका.

बाहेर हॉर्न वाजला.

"वळखली?"

"न्हाय बा. आनी जरा वता."

बापूंनी ओतली. मी सावकाश प्यालो. हॉर्न पुन्हा वाजला.

"आता?"

"रम हाय मास्तर. साधी रम."



"नापास," बापू म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.