तण्णी

काल नाशिकच्या घाटावर एक थकलेली म्हातारी बाई माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "तण्णी?" तमिळ यात्रेकरू होती, पाणी मागत होती. मी माझी बाटली पुढे केली. ती पाणी पिऊन आपल्या माणसांत निघून गेली, आणि मी पायरीवरच बसून राहिलो.

पलटणीबरोबर श्रीलंकेत उतरलो तेव्हा हा पहिला शब्द मी शिकलो होतो. सुरुवातीला तिथल्या बायका आम्हाला हार घालायच्या, तांब्याभर पाणी आणून द्यायच्या. शांतता राखायला गेलेले आम्ही पुढे तमिळ बंडखोरांशीच लढू लागलो, आणि त्याच गल्लीतली दारं आम्हाला बघून बंद होऊ लागली. अशाच एका दारासमोर माझा जोडीदार सर्जेराव गोळी लागून पडला. तो पाणी मागत होता. मी दार ठोठावत "तण्णी, तण्णी" ओरडत राहिलो. आत तान्हं मूल रडत होतं. दार उघडलं नाही. त्या घराचा राग मला तेव्हाही आला नाही. बंदूक घेऊन दारात मीच उभा होतो.

सुट्टीवर आल्यावर सर्जेरावच्या आईला भेटलो. तिने एवढंच विचारलं, "त्यांच्या भांडणात आपलं काय होतं रे, बाळा?"

"हुकूम होता, काकू."



आता तीही गेली. तो प्रश्न मला विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच तो स्वतःला विचारतो. उत्तर द्यायला गेलो की अजूनही तोंडातून हुकूम एवढाच शब्द निघतो.