बारा तासांचा पट्टा

चव्वेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करायला निघालेल्या बाईला लोक काय म्हणतात, ते आता मला पाठ आहे. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात एकीने विचारलं, लग्न तर झालं तुझं, आता कोणाला दाखवायचेत? नुसत्या तारांवर भागलं असतं तर बरं होतं. पण दाढा जागच्या हलू नयेत म्हणून डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक तर हिरडीत बारीक स्क्रू, नाहीतर मानेमागून पट्टा आणि गालांबाहेरून दाढांत अडकवायची जाड तार, रोज बारा तास. स्क्रूचं नाव ऐकताच मी मोठ्या धीटपणाने पट्टा निवडला. घरी नवऱ्याने शांतपणे विचारलं, बैलांना मुसकं बांधतात ते त्यांनी खाऊ नये म्हणून, तुझं कशासाठी?

एप्रिल मदतीला धावून आला. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावर बाईचं तोंड दिसतच नाही. डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात, वर गॉगल. पट्टा लावून, वरून दुपट्टा गुंडाळून मी भाजी आणली, गाडीत पेट्रोल भरलं, कोणाला पत्ता लागला नाही. आपण फार हुशार आहोत असं वाटू लागलं. मग चार दिवस कंटाळा केला. डॉक्टरांना दाढ बघताच कळलं. आता आठ दिवस जेवणाखेरीज काढायचा नाही, म्हणाले, नाहीतर स्क्रू.

त्याच आठवड्यात अकोल्याला भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं.

बसमध्ये काही अडलं नाही. भावाच्या घरात शिरल्यावरही मी दुपट्टा सोडला नाही. कूलरसमोर बसून सांगितलं, कानाला वारा लागतो. मुलीच्या मावशीने पर्समधून लवंग काढून दिली. चहा आला तेव्हा मी उपवास सांगितला. साबुदाण्याची उसळ आली तेव्हा उपवास निर्जळी झाला. मुलीकडचे लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. मुलाची आत्या फुगून बसली आहे, तिला हे लग्न मान्य नाही, अशी बाहेर कुजबुज सुरू होती. वहिनीचे डोळे भरले होते. मी दुपट्टा सारून तिला पट्टा दाखवला. काढा तो घडीभर, ती म्हणाली. जमलेलं लग्न माझ्या दातांवरून मोडलं असतं तर मी तोंड कुठे लपवणार होते? स्क्रू डोळ्यांसमोर नाचत होते, तरी माझा हात मानेमागे गेला.

आई तिथेच ताटं पुसत होती. तिला मी फोनवर सगळं सांगितलेलं होतं.

"पट्टा नोको काढू, दुपट्टा सोड," ती म्हणाली. "मी सत्तर वर्सं तोंडावर पदर धरून हासली. मले कोनी डॉक्टर दाखवला नाही. तू इलाज करून राहिली, अन् झाकून काहून राहिली?"

मी बाहेर आले आणि दुपट्टा सोडला. मी पट्ट्याचं सगळं सांगितलं, उपवासासकट. लवंगवाल्या मावशींनी जवळ येऊन तार नीट न्याहाळली.

"आमाले वाटलं, तुमाले पोरगी पसंत नाही," त्या म्हणाल्या.

घर हसायला लागलं. दारात उभी असलेली आईसुद्धा हसली. तिच्या दोन्ही हातांत ताटं होती, त्यामुळे पदर खालीच राहिला. चव्वेचाळीस वर्षांत तिचे पुढचे दात मी पहिल्यांदा धड पाहिले. हुबेहूब माझे. तिच्या तोंडात ते किती छान दिसत होते.

पट्टा मात्र मी काढला नाही.